कोटावरचं सोनेरी कडं

डब्लिनला बर्फाची सवय नाही. चार बोटं बर्फ पडला की अख्खं शहर हात टेकतं, आणि २०१०च्या डिसेंबरात तर त्यानं सपशेल लोटांगणच घातलं होतं. ब्लँचर्डस्टाउनहून शहराकडे निघालेली एकोणचाळीस नंबरची बस गोगलगाईला लाजवेल अशा चालीनं सरकत होती. वरच्या मजल्यावर, खिडकीशी, केतकी वानखडे काचेवर साचलेली वाफ बोटानं पुसत बसली होती. पुसायची, बाहेरचं पांढरंशुभ्र बघायची, परत काच धुरकट व्हायची.

तिच्या अंगावर नवा कोट होता. नवा म्हणजे तिला नवा. पुण्याहून आणलेली दोन्ही स्वेटरं या थंडीपुढे गळपटली, तेव्हा तिनं चॅरिटीच्या दुकानातून, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या कपड्यांतून, तो शोधून काढला होता. गडद हिरवा, जाड लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा. आणि त्याच्या कॉलरवर एक इवलंसं सोनेरी कडं टोचलेलं होतं, शर्टाच्या बटणाएवढं. दुकानातल्या बाईंच्या ते नजरेतून सुटलं असावं. केतकीला मात्र कोटापेक्षा तेच जास्त आवडलं होतं.

"इथे कुणी बसलंय?"

तिनं वर पाहिलं. भुरक्या केसांवर बर्फाचे कण, थंडीनं लाल झालेलं नाक, आणि त्या नाकाला अजिबात न शोभणारे गंभीर डोळे. ती सरकली. तो बसायला वाकला, आणि त्याची नजर तिच्या कॉलरवर पडली. डोळ्यांतला गंभीरपणा कुठल्या कुठे पळाला. तो काहीतरी बोलला... इंग्रजी नव्हतं ते. खळाळतं, घशातून येणारं काहीतरी.

आपण भारतीय माणसं काही कळलं नाही की मान जशी डोलवतो, धड हो नाही, धड नाही नाही, तशी केतकीनं डोलवली. आयर्लंडात या डोलण्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही. त्यानं तो 'हो' असाच घेतला, आणि मग जो काही धबधबा सुरू झाला तो थांबेचना!

"सॉरी," शेवटी ती इंग्रजीत म्हणाली, "जरा... हळू बोलता का?"

"अरे, माझंच चुकलं!" तोही इंग्रजीवर आला. "पण सोन्याचा फॉन्या बघितला आणि राहवलं नाही. माझा बघा, चांदीचाच आहे." त्यानं आपल्या जाकिटाची कॉलर पुढे केली. तिथेही तसंच कडं होतं, फक्त रुपेरी. "आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये कुणा अनोळखी माणसाच्या कोटावर सोन्याचा दिसला. म्हणजे तुम्हाला आयरिश अस्खलित येतं! कुठे शिकलात?"

केतकीला कळायचं ते कळलं. हे कडं म्हणजे दागिना नव्हता. ती पाटी होती: 'मला आयरिश येतं, माझ्याशी बोला.' आता सरळ सांगून टाकायचं होतं, जुना कोट आहे, मला काही ठाऊक नाही. एवढं सोपं. पण तो असा आशेनं बघत होता... आणि जुन्या कपड्यांच्या दुकानातून कोट घेतला, हे एका देखण्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"आमच्या अमरावतीच्या शाळेत," केतकी म्हणाली, आणि आपण काय बोलतोय ते तिचं तिलाच ऐकू आलं, "एक आयरिश नन होत्या. सिस्टर ब्रिजिड. त्यांनी थोडंफार शिकवलं. हे... त्यांनीच दिलं. पण मी विसरले बरंचसं."

"अमरावती," त्यानं तो शब्द जपून उच्चारला. "सिस्टर ब्रिजिड ऑफ अमरावती! मी टाइग. हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. माणसांच्या आतलं बघायची सवय आहे, तेव्हा माझ्याशी खोटं बोलू नका हं."

तो हसला. केतकीही हसली, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, तरी केतकीच्या मनात त्याचा 'तुम्ही'चा 'तू' त्याच बसमध्ये झाला. उतरताना त्यानं ड्रायव्हरचे आयरिशमध्ये आभार मानले आणि मागे वळून भुवया उंचावल्या... आता तू! तो जे म्हणाला तेच तिनं पोपटासारखं म्हटलं: "गुरा मॉह अगत." ड्रायव्हर चपापला आणि मग दिलखुलास हसला.

"गुरुवारी आमचं मंडळ जमतं," टाइग म्हणाला. "कॅफेत. येशील?"

तिनं मान डोलवली. या वेळी मात्र तो अर्थ बरोबर होता.

*

खोटं बोल पण रेटून बोल, म्हणतात. केतकी सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्याच्या चुका शोधून काढण्याचा तिला पगार मिळायचा. स्वतःची मात्र रेटत नेण्यापलीकडे तिला उपाय दिसेना. तिनं ठरवलं, खोटं मागे घ्यायचं नाही, त्याला खरंच करून टाकायचं. आयरिश शिकायचं!

तिच्या घरात तिच्याबरोबर पुण्याची अश्लेषा राहायची. एका रविवारी ती स्वयंपाकघरात येऊन बघते तो फ्रिजवर चिठ्ठी, किटलीवर चिठ्ठी, मसाल्याच्या कपाटावर चिठ्ठी.

"हे काय गं? घराचा लिलाव आहे का?"

"आयरिश शब्द आहेत. रोज दिसले की पाठ होतात."

"इथल्या लोकांनाच येत नाही यार ते! चौदा वर्षं शाळेत शिकतात आणि एक वाक्य धड बोलत नाहीत. तू काय करणार शिकून?" मग अश्लेषानं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "नाव काय त्याचं?"

गुरुवारच्या मंडळात जेमतेम अर्धा डझन माणसं असायची. निवृत्त शिक्षिका नूला, एक टॅक्सीवाला, होणाऱ्या बाळाशी फक्त आयरिशच बोलायचं असं ठरवलेलं एक जोडपं, आणि टाइग. नियम एकच होता. कॅफेचं दार ओलांडलं की इंग्रजी बंद, जो बोलेल त्यानं सगळ्यांना चहा आणून द्यायचा. पहिले कितीतरी गुरुवार सगळ्यांना चहा केतकीनंच पाजला. पण हळूहळू गाडी रुळावर आली. घशातला 'ख' तिला सहज जमायचा, टॅक्सीवाल्याला जमत नसे. आणि एक गंमत तिच्या ध्यानात आली. या भाषेत नुसतं 'हो' म्हणायला शब्दच नाही. जेवलीस का? जेवले. येशील का? येईन. अगदी आपल्या घरच्यासारखं.

"कॉफी घेशील?" टाइग विचारायचा, मंडळ संपल्यावर, नदीकाठच्या रस्त्यावर. बर्फ केव्हाच वितळला होता आणि हवेत नेहमीची ती भुरभुर होती, जिला डब्लिनची माणसं पाऊसच मानत नाहीत.

केतकी मान डोलवायची.

"अंहं. या भाषेत मान डोलवून भागत नाही. पूर्ण सांगावं लागतं."

"घेईन."

"माझ्याबरोबर घेशील?"

"...घेईन."

"आणि उद्या?"

"टाइग! एवढे काळ मला अजून येत नाहीत."

त्याचं म्हणणं असं, की भाषा वर्गात जगत नाही, ती दुकानात जगते. पाव घेताना, पोस्टात, बसमध्ये, न लाजता, मोठ्यानं बोलली तरच. मग दोघं बेकरीत जाऊन मोठ्या आवाजात आयरिशमध्ये पाव मागायची. कधी काउंटरवरची मुलगी कपाळाला आठ्या घालायची, कधी शाळेत शिकलेलं एखादं वाक्य तिला आठवायचं आणि ती लाजत लाजत म्हणून दाखवायची. अशा वेळी टाइगच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलायचा तो बघायला केतकीनं रोज पाव खाल्ला असता. तो चालताना तिच्या कोटाची बाही दोन बोटांत धरायचा. हात नाही, नुसती बाही. आणि केतकीला मात्र खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या.

सगळं कसं ग्रँड चाललं होतं. फक्त सिस्टर ब्रिजिड स्वस्थ बसू देईनात.

टाइगनं ती गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. नूला तर भारावूनच गेली होती. विदर्भाच्या उन्हात आपली भाषा रुजवणारी एकटी बाई! तिला मंडळानं आयरिशमध्ये पत्र लिहायला हवं. पत्ता दे, केतकी. केतकी आज देते, उद्या देते करत राहिली. शेवटी पळता भुई थोडी झाली, तेव्हा एका गुरुवारी मान खाली घालून तिनं सांगितलं की सिस्टर वारल्या.

नूला उठून उभी राहिली. मग टॅक्सीवाला, मग ते जोडपं, मग टाइग. सगळ्यांनी हात जोडले, आणि नूलानं हलक्या आवाजात आयरिशमध्ये प्रार्थना म्हटली. या जगात कधी नव्हत्याच अशा बाईंच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून! केतकी त्यांच्यात उभी होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. टाइगनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो पहिला स्पर्श. आणि तो असा, खोट्या सुतकात वाट्याला यावा!

"रडू आलं तर रड," तो म्हणाला. "माझी आजी गेली तेव्हा मीही रडलो होतो. ती कॉनेमाराची, तिकडे घराघरांत आयरिशच बोलतात. तिच्या कोटावर सोन्याचं कडं होतं. तिच्याबद्दल तुला सांगायचंय मला... कधीतरी."

त्या दिवशी केतकीला खरोखरच रडू आलं. लाजेचं.

*

मे महिन्यात आई आली. सुरेखा वानखडे, मुक्काम दर्यापूर, जिल्हा अमरावती. वडील गेल्यापासून घर आणि वावर दोन्ही एकटीनं सांभाळणारी, पहिल्यांदाच विमानात बसलेली. बॅगेत जवसाची चटणी, सांडगे आणि उकडपेंडीसाठी खास दळून आणलेली कणीक. आणि तोंडात अखंड, ठणठणीत, मोकळी वऱ्हाडी.

ती वऱ्हाडी केतकीनं कधीच पुसून टाकली होती. पुण्याच्या हॉस्टेलात पहिल्याच आठवड्यात ती "मले" म्हणाली होती, आणि पुढे वर्षभर मुलींनी तिला "मले-तुले" म्हणून हाक मारली होती. तेव्हापासून तिनं जीभ अशी घासून घेतली की घरी फोनवर बोलतानासुद्धा 'मला' आणि 'तुला' सुटायचं नाही. आईनं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. ती आपलं आपल्यासारखं बोलायची.

शनिवारी दोघी शहर बघायला निघाल्या. तीच एकोणचाळीस नंबर, तोच वरचा मजला. बस भरलेली. आई खिडकीशी बसली आणि लहान पोरीसारखी हरखली.

"बाप्पा! किती हिरवं हाय वं इथी! आन् थे पाय, थे गाय पाय! किती गुबगुबीत! आपल्याकडची गाय हिच्यापुढं शेरडीच दिसते वं! कोन चारते हिले? गुराखी त कुठीच दिसून नाई रायला!"

आवाज असा, की चार वावरांपलीकडे पोहोचावा. पुढच्या सीटवरचे दोघे मागे वळले. कुणीतरी हसलं, चांगलं की वाईट कोण जाणे. केतकीला हॉस्टेलची जेवणाची खोली आठवली. तिच्या मानेपासून कानापर्यंत आग पसरली.

"आई, हळू."

"आँ? आन् थे घरं पाय नं, काडेपेटीवानी—"

"आई, शू...!" केतकीनं ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हातानं तिनं आईचा दंड दाबला, जरा जास्तच जोरात. "प्लीज. इथे असं मोठ्यानं बोलत नाहीत. लोक बघतायत."

आईचं तोंड उघडं होतं तसंच राहिलं, मग मिटलं. तिनं आपला दंड सोडवून घेतला आणि हात मांडीवर ठेवले.

"काऊन वं? मी काय चोरी केली काय?" ती अगदी हळू म्हणाली.

तेवढ्यात मागून कुणीतरी उठलं. "केतकी."

टाइग होता. दोन सीट मागे बसला होता. मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता, पण ओठांवरचं बोट आणि 'शू...' समजायला कुठली भाषा लागते? त्याचा चेहरा फिका पडला होता. त्यानं आयरिशमध्ये नमस्कार केला. केतकी इंग्रजीत उत्तरली, "ही... माझी आई."

"कोन हाय हा?" आईनं कुजबुजत विचारलं. कुजबुजत!

"नंतर सांगते."

टाइगनं आईकडे पाहिलं, मग केतकीच्या कॉलरवरच्या सोनेरी कड्याकडे पाहिलं. "मी इथेच उतरतो," तो म्हणाला. त्याचा स्टॉप अजून बराच लांब होता. बस थांबली, तो उतरला. ड्रायव्हरचे आभारसुद्धा त्यानं मानले नाहीत.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बेकरीत परक्याच्या भाषेत मोठ्यानं पाव मागणारी मुलगी आपल्या आईला गप्प बसवते. केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि खरी शिक्षा अजून पुढेच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली. आई किटलीशी उभी होती, पाठमोरी. पावलांची चाहूल लागताच ती वळली, आणि एकेक शब्द जपून, परीक्षेला बसल्यासारखी म्हणाली:

"केतकी... तुला चहा हवा आहे का?"

तुला. हवा आहे का.

केतकी दारातच थिजली. तिची आई 'तुला' म्हणाली होती. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या बाईनं लेकीला लाज वाटू नये म्हणून आपली जीभ दुमडून ठेवली होती, आणि वर हसायचा प्रयत्न चालला होता. केतकीनं चहा घेतला. तो कपातच गार झाला.

दिवसभर ते चाललं. 'मला झोप आली आहे.' 'तुझा ड्रेस छान आहे.' 'बाहेर थंडी आहे ना?' घरात पाहुणी आल्यासारखं. केतकीला ओरडून सांगावंसं वाटत होतं, नको गं असं बोलू! पण लाजेनं तिचंच तोंड शिवलं होतं. टाइगचा फोन नाही, निरोप नाही. त्याला तरी कुठल्या तोंडानं फोन करायचा? त्याला जी आवडली होती ती मुलगी मुळात होतीच कुठे? ती सिस्टर ब्रिजिडसारखीच, मनानं रचलेली.

गुरुवार उजाडला. संध्याकाळी केतकीनं हिरवा कोट घातला आणि आईच्या खांद्यावर शाल टाकली.

"चाल माय," ती म्हणाली. "तुले एका जागी नेतो."

आईनं चमकून वर पाहिलं. मग लगबगीनं चप्पल पायांत सरकवली.

*

कॅफेत सगळे होते. टाइग कोपऱ्यात, चमचा ढवळत. कपात चहाच नव्हता. केतकी बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं कॉलरवरचं कडं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे माझं नाही," ती आयरिशमध्ये म्हणाली.

पुढचं इंग्रजीत फार सोपं गेलं असतं. इंग्रजीत तिला सबबी सांगता आल्या असत्या, गोड शब्दांत घोळवता आलं असतं. पण खोटं बोलायला भाषा चांगली यावी लागते. तिच्याकडे मूठभर आयरिश शब्द होते, आणि तेवढ्यात फक्त खरंच मावत होतं.

"कोट जुना आहे. दुकानातला. कडं कोटावर होतं. सिस्टर ब्रिजिड नाही. कधी नव्हती. मी खोटं बोलले. तुम्ही प्रार्थना केली. मी गप्प राहिले." तिनं आईला पुढे घेतलं. "आणि ही माझी आई. बसमध्ये ही आमच्या भाषेत बोलत होती. मी म्हटलं, गप्प. तॉ नॉरे ऊरम."

मला लाज वाटते, हे ते लोक असं म्हणतात: माझ्यावर लाज आहे. केतकीनं ते शब्द फ्रिजवरच्या चिठ्ठीवरून पाठ केले होते. खरा अर्थ आज कळला.

आईचा आवाज आला, हळू, सांभाळून. "केतकी, काय... काय सांगते आहेस तू?"

केतकी आईकडे वळली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, कितीतरी वर्षांत जिभेवर न आलेल्या बोलीत म्हणाली, "माय, मी यायले सांगून रायली का मी खोटं बोलली. आन् मी तुले बसमध्ये गप बसवलं. मले लाज वाटते व माय. तुही नाई... माही. तू आपली पहिल्यासारखी बोल. मले 'तुला' नोको म्हनू."

आईनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मग नाक ओढून, खणखणीत आवाजात म्हणाली, "मंग हे पहिलेच सांगाचं नं! माही जीभ आकडून गेली होती वं चार दिवस!"

अर्थ कुणालाच कळला नाही, पण हसली सगळी. नूलानं चष्मा पुसला.

"मग आपण ती प्रार्थना केली कुणासाठी?" टॅक्सीवाल्यानं बिचाऱ्यानं गोंधळून विचारलं.

"जिचा हा कोट होता तिच्यासाठी," नूला म्हणाली. "तिलाही कुणीतरी हवंच होतं." तिनं टेबलावरचं कडं उचलून पर्समध्ये ठेवलं. "हे मी सांभाळते, केतकी. एक दिवस मागायला येशील, आणि मी कुरकुर न करता देईन."

केतकीनं टाइगकडे पाहिलं नाही. आईचा हात धरून ती बाहेर पडली. भुरभुर लागली होती. स्टॉपवर उभं राहिल्यावर मागून पावलं वाजली, धावत आलेली.

"आजीबद्दल सांगायचं राहिलंय," टाइग धापा टाकत म्हणाला. मग इंग्रजीत सांगत सुटला, थांबलो तर जमणार नाही अशा घाईनं. "आजोबा गेल्यावर ती आमच्याकडे इथे डब्लिनमध्ये, ब्युमॉन्टला राहायला आली. मी चौदा वर्षांचा. एकदा बसमध्ये माझे मित्र होते आणि ती माझ्याशी आयरिशमध्ये बोलली. मी म्हटलं, 'इंग्रजीत बोल ना, आजी.' बस, एवढंच. त्यानंतर ती गेली तोपर्यंत माझ्याशी मोडक्या इंग्रजीतच बोलली. चिडून नाही... मला त्रास नको म्हणून. आणि मी तिला कधी सांगितलं नाही, की बोल गं. शनिवारी तुझं बोट ओठांवर बघितलं आणि मला मीच दिसलो. तुझा राग आला नव्हता, केतकी. माझाच आला. म्हणून पळालो."

"मला वाटलं, तू आता..."

"तू आज जे केलंस ते मी केलं नाही. आता करायला ती नाही."

बस आली. तिघंही वर गेली. आई खिडकीशी बसली, केतकी तिच्या शेजारी, टाइग पुढच्या सीटवर मागे वळून. काचांवर वाफ साचली होती. आईनं पदरानं काच पुसली आणि मोठ्यानं सुरू केलं: दिवे पाय, दुकानं पाय, हे लोक भाजी कुठून आनते? टाइगच्या पुढचे दोघे वळून बघायला लागले. केतकीनं त्यांच्याकडे बघून मान डोलवली, तुम्ही काय घ्यायचा तो अर्थ घ्या अशी, आणि आईला तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं.

टाइग ते कान देऊन ऐकत होता. मग त्यानं आपल्या जाकिटावरचं रुपेरी कडं काढलं, केतकीकडे वाकला आणि तिच्या हिरव्या कॉलरवर, सोनेरी कड्यानं पाडलेल्या त्याच भोकात, जपून अडकवलं. त्याची बोटं गार होती. तिच्या गळ्याला लागली.

"हे तुझं. कमावलेलं," तो आयरिशमध्ये म्हणाला, तिला समजेल असं सावकाश.

"आणि तुला?"

"कशाला लावतात ते? बोलायला माणूस मिळावं म्हणून. मला मिळालं." तो थांबला. नाक पुन्हा लाल झालं होतं, आणि या वेळी थंडीचा त्यात काही दोष नव्हता. "बोलशील माझ्याशी? रोज?"

मान डोलवून भागणार नव्हतं. पूर्ण सांगावं लागणार होतं.

"बोलेन," केतकी म्हणाली.

आईचा एक डोळा खिडकीबाहेर होता, पण दुसरा मुळीच नव्हता. तिनं लेकीला कोपर मारलं. "काय म्हन्ते वं हा पोट्टा?"

केतकीचे गाल पेटले. आईच्या कानाशी लागून ती पुटपुटली, "म्हन्ते का... त्याले बोलाले मानूस भेटलं. मी."

आईनं टाइगकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, निवांत, बैलबाजारात बघावं तसं. मग ती लेकीकडे वळली, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"मंग एवढ्या हळू काऊन सांगून रायली वं? जोरानं सांग नं!"